आत्याबाईंची बसायची जागा

पिंपरीच्या नव्या कारखान्यात दोघे भाऊ बरोबरच लागले आणि कॉलनीत आम्हाला शेजारशेजारचे क्वार्टर मिळाले. मधे मेंदीचं गुडघ्याएवढं कुंपण. पलीकडे मोठ्या जाऊबाई, अलीकडे मी. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. चाकणजवळचं गाव सोडून त्या आल्या आणि थोरल्याकडे राहिल्या. रीतच ती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. माझं म्हणणं संध्याकाळबद्दल होतं. संध्याकाळी आत्याबाई जाऊबाईंच्या हिरवळीवर पाय पसरून बसायच्या, जाऊबाईंच्या डोक्याला तेल लावून द्यायच्या, आणि दोघींचं हसणं माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी आईविना वाढलेली. त्या तेलाच्या बोटांवर जाऊबाईंचाच मक्ता का, असं मला वाटे.

आत्याबाई माझ्याकडे का बसत नाहीत, ते उघड होतं. तांबड्या मुंग्या! हरळी जाऊबाईंनी आणि मी एकदमच लावलेली. त्यांची दाट पसरली, आणि माझ्या हरळीत जागोजागी भुसभुशीत मातीचे ढीग. पाऊल टेकलं की पोटरीपर्यंत चढायच्या आणि डसल्या की फोड यायचा. आत्याबाई एकदाच बसल्या आणि लगेच उठल्या.

"तुझ्याकडं लई मुंग्या हायती गं बाई," म्हणत साडी झटकत पलीकडे गेल्या.

मी हात धुऊन मुंग्यांच्या मागे लागले. वारुळात बंबातलं उकळतं पाणी ओतलं, तर मुंग्या हातभर पलीकडे सरकल्या आणि गवत मात्र होरपळलं. रॉकेल ओतलं, तिथे टक्कलच पडलं. जाऊबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काय गं, तुझ्या हिरवळीला गजकर्ण झालंय का?" आणि मागे आत्याबाई हसल्या. जाऊबाईंचं मी समजू शकत होते, पण आत्याबाईंनी हसायला नको होतं.

शेवटी ह्यांच्या खात्यातल्या एकाने उपाय सांगितला. कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर साखरेच्या पाण्यात अगदी चिमूटभर कालवायची. जास्त घातली तर मुंग्या तिथेच मरतात. थोडी असली तर घरी नेऊन राणीला भरवतात. क्लबातून पावडर आणवली आणि कागदाच्या तुकड्यांवर ते पाणी ठेवत गेले. मुंग्या त्याच्यावर अशा तुटून पडल्या, जणू त्यांना माझ्या अंगणात साखरेची सवयच होती. हळूहळू ढीग ओस पडले. मी हिरवळीवर अनवाणी चालून पाहिलं. एकही चावली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावरून नेहमीपेक्षा लवकर परतले, तर आत्याबाई माझ्या हिरवळीवर उकिडव्या बसलेल्या! कळशी तिथेच ठेवली आणि सतरंजी आणायला पळाले.

"बसा ना आत्याबाई, आरामात बसा. मी तेल आणते."

त्यांनी वर पाहिलं. मुठीत साखर होती.

"मुंग्या कुटं गेल्या गं? तू पान्याला गेलीस की त्यास्नी साखर घालाया रोज येत हुते मी. मोठीकडं एक मुंगी दिसंल तर शपथ."

"मारल्या मी," मी अभिमानाने म्हटलं. "तुमच्यासाठी."

"माझ्यासाटी? मी म्हनले हुते व्हय?" एवढंच बोलून त्या उठल्या. साखर सांडू नये म्हणून मूठ घट्ट धरली होती. सतरंजी माझ्या काखेतच राहिली.

रोज सकाळी त्या माझ्या अंगणात येत होत्या आणि मी नळावर रांगेत उभी होते, हे मला मुंग्या मेल्यावर कळलं. तरी वाटलं, सवय आहे, येतील. पुढच्या सकाळी पाण्याला गेलेच नाही, दारात उभी राहिले. आत्याबाई कुंपणापलीकडे वाकल्या होत्या, शेजारी जाऊबाई साखरेची वाटी धरून. दोघी काहीतरी बघून हसत होत्या.

मी टाचा उंचावून पाहिलं. उरल्यासुरल्या मुंग्यासुद्धा जाऊबाईंकडेच राहायला गेल्या होत्या.