बाल्कनीसाठी बदललेलं बंदर

जठारपेठेत भावाच्या घरी टीव्हीवर ती बोट पाहिली, त्या दिवसापासून माझं डोकं तापलेलं आहे. अजून थंड झालेलं नाही, आणि व्हावं असं मला वाटतही नाही.

भाऊ माझ्याहून धाकटा, अकोल्यात सरकारी खात्यात इंजिनिअर. त्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडला होता. समोर तो, भावजय, मी आणि सोफ्याच्या कोपऱ्यात पाय वर घेऊन बसलेली आमची आई. बोटीवर घसरगुंडी आहे, नाचगाण्याचं थिएटर आहे, खाणं तर दिवसभर चालूच आहे, असं एकेक चित्र सरकत होतं आणि भावजय प्रत्येक चित्राला "अय्या" म्हणत होती. मी अमरावतीच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. मला या सगळ्यातली एकच गोष्ट हवी होती आणि ती मी पुन्हा पुन्हा विचारत होते, की बोट थांबते कुठं?

"थांबते ना कुठं कुठं," भाऊ म्हणाला. "ताई, तू आधी बुफे तं पाय."

बुफे! हा बोटीचा घाट बुफेसाठी घातलाच नव्हता. तो आईसाठी होता.

आईचं माहेर चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यातलं. तिथल्या विहारापुढं तिच्या वडिलांनी बोधिवृक्षाचं रोप लावलं होतं आणि शाळेत जाण्याआधी त्याला तांब्याभर पाणी घालणं हे तिचं काम होतं. भन्ते पोरांना सांगायचे, गयेचं मूळ झाड केव्हाच नाहीसं झालं, पण त्याआधी एका राजाची लेक त्याची फांदी घेऊन नावेतून लंकेला गेली होती. ती फांदी तिकडं अनुराधपुरात रुजली आणि ते झाड अजून जिवंत आहे. विहाराच्या भिंतीवर त्या झाडाचा फोटो होता, सोनेरी कठड्याचा. लग्न होऊन आई अमरावतीला आली तरी दर पौर्णिमेला माहेरच्या विहारात जाऊन तो फोटो पुसायची. त्या लंकेतल्या झाडाला आपल्या विहाराचं पाणी एकदा घालायचं, एवढंच तिचं मागणं होतं. नवऱ्याकडं, मुलांकडं, कोणाकडंच तिनं दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

विमानानं केव्हाच नेलं असतं तिला. पण एकदा दिल्लीहून विमानानं येताना तिच्या कानातून रक्त आलं, कानाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी विमान कायमचं बंद केलं. म्हणून बोट. भावानं बोटीचं नाव काढलं तेव्हा आई पहिल्यांदा खुलली.

"थे राजाची पोरगी बी तं नावंतच गेली होती," ती म्हणाली. "मग मले काय होते?"

त्या बोटीच्या दोन फेऱ्या होत्या, दोन्ही चेन्नईहून. एक त्रिंकोमालीच्या बंदरात थांबणारी आणि दुसरी हंबनटोट्याच्या. मी टीव्हीपुढं उभी राहिले, लंकेचा नकाशा काढायला लावला आणि वर्गात दाखवायची तसं हाताचं बोट ठेवून दाखवलं. त्रिंकोमालीहून सकाळी निघालं तर अनुराधपुरात पाणी घालून संध्याकाळच्या आत बोटीवर परत येता येतं. हंबनटोटा बेटाच्या पार दक्षिण टोकाला. तिथून झाडापर्यंत जायचं म्हणजे जवळजवळ अख्खं बेट उभं ओलांडायचं, आणि बोट काही आपल्यासाठी थांबून राहत नाही. म्हणजे निवडायचं होतं ते बंदर. बाकीचं सगळं दोन्हीकडं सारखंच होतं, ती घसरगुंडीसुद्धा.

"कळलं ना?" मी विचारलं.

"कळलं, ताई. त्रिंकोमालीच काढतो."

आठवडाभरात घरच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला. बोटीचं चित्र, त्यावर उडणारे फुगे आणि खाली बारीक अक्षरात हंबनटोटा. मी तिथल्या तिथं फोन लावला.

"काहून बदललं?"

"अवं ताई, त्या फेरीत बाल्कनीच्या खोल्याच उरल्या नव्हत्या. आईले समुद्र दिसला पाह्यजे ना."

"आईले झाड पाह्यजे."

"लंका म्हणजे लंका. तिथं उतरलो की गाडी करू. बडनेऱ्याले उतरून आपण अमरावतीले नाई जात काय?"

आमची सगळी माणसं अशीच. लांबच्या गाडीतून बडनेऱ्याला उतरतात, घरी फोन करून सांगतात की अमरावतीत पोचलो, आणि ते खरंही असतं, कारण रिक्षात बसलं की अमरावती येतेच. समुद्र आमच्यापासून इतका लांब की बंदर म्हणजे आमच्या लेखी एक ओलं स्टेशन. पण नकाशा दाखवून झाल्यावर, "कळलं" म्हणून झाल्यावर, निव्वळ बाल्कनीसाठी?

आईला मी स्पष्ट सांगितलं की ही बोट झाडापर्यंत नेणार नाही. तिनं भावाला फोन लावायला सांगितला आणि तिच्या चांगल्या कानाशी मी तो धरला.

"माहं पानी जाईन काय तथपर्यंत?"

"जाईन माय. मी आहो ना."

झालं. भूगोल मी शिकवला, डॉक्टरांच्या वाऱ्या मी केल्या, रोज तिच्याजवळ राहते मी, पण शब्द मोठा मुलाचा. आई उठली आणि बॅग भरायला लागली. मला दोघांचाही राग आला, तिचा जरा जास्तच.

निघायच्या आधी ती खेड्यात जाऊन विहारापुढच्या हापशीचं पाणी घेऊन आली. झाकणाचा छोटा पितळी तांब्या, त्यावर पांढरं फडकं आणि फडक्याला घट्ट गाठ. रेल्वेत तो तिच्या मांडीवर होता, बोटीवर उशाशी. आणि ती बाल्कनी? आई तिथं एकदा जाऊन उभी राहिली, चहूकडं पाहिलं, म्हणाली, "निस्तं पानीच तं आहे," आणि आत येऊन पडदा ओढून घेतला. त्यानंतर त्या बाल्कनीत फक्त भावजयीचे फोटो निघाले.

हंबनटोट्याला उतरल्यावर भाऊ गाडीवाल्याशी बोलायला गेला. मी लांबून बघत होते. गाडीवाल्यानं मान हलवली, हातानं लांब कुठंतरी उत्तरेकडं दाखवलं, मग हसला. भावाचा चेहरा पडला. त्या क्षणी त्यानं आईजवळ येऊन "चुकलं माझं" म्हटलं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते. तो आला, म्हणाला, "चला, जवळच आहे," आणि आईला उचलूनच गाडीत बसवलं. उचलायला त्याला कधीच कमीपणा वाटत नाही, ते मी कबूल करते.

जवळच एक विहार होता. स्वच्छ, पांढराशुभ्र, आवारात पिंपळाचं झाड. तिकडं विहार तिथं बोधिवृक्ष असतोच.

"माय, हेच थे झाड," भाऊ म्हणाला.

मी तोंड उघडलं तोच भावजयीनं माझा दंड धरला. "ताई, त्यायले दोन मिनिटं तं खुश राहू द्या." एवढ्यात आई चपला काढून हात जोडून झाडाकडं निघालीसुद्धा होती. जोडलेल्या हातांपुढं जाऊन ओरडणं मला जमलं नाही. मी भावाला ओढत फाटकाबाहेर नेलं आणि तिथं जे तोंडाला येईल ते बोलले. जन्मदात्या आईला झाड बदलून देतोस? तिला काय डोळे नाहीत? तो म्हणाला, आता तिले सांगून दुःख देऊन काय भेटते, आणि तू जरा हळू बोल, लोक पाहून राहिले. आत भावजय फोटो काढत होती. परत येताना आई गाडीत गप्प होती. बोटीवर, रेल्वेत, घरी, सगळीकडं गप्पच.

तो फोटो आता जठारपेठेतल्या बैठकीत मोठा करून लावला आहे. पाहुणा आला की भाऊ सांगतो, आईला अनुराधपूर करून आणलं. मी दोनदा चहा तसाच टाकून उठून आले. मला खोटं एवढं झोंबलं नसतं, पण त्याच्या आवाजात जो अभिमान असतो ना, तो ऐकवत नाही. आपण आईचं आयुष्यभराचं मागणं पुरवलं, असं आता त्यालाच खरं वाटायला लागलं आहे.

मग वैशाख पौर्णिमा आली. आम्ही सगळे खेड्यातल्या विहारात गेलो. वंदना झाली आणि पांढऱ्या लुगड्यातल्या बाया आईभोवती जमल्या. त्यांच्यातली एकही कधी लंकेला जाणार नव्हती, पण त्यांच्यातली एक जाऊन आली होती. एका म्हातारीनं आईचे दोन्ही हात धरून आपल्या डोळ्यांना लावले. "याच हातानं पानी घातलं ना वं?"

भाऊ पुरुषांच्या बाजूला पहिल्या सतरंजीवर बसला होता. हसत होता.

आईनं हात सोडवून घेतले. पिशवीतून तांब्या काढला आणि समोर ठेवला. फडकं तेच होतं, गाठही तीच, न सोडलेली.

"नाई, बाई. मी त्या झाडापाशी गेलीच नाई," ती म्हणाली. कान गेल्यापासून ती मोठ्यानंच बोलते, सगळ्या विहाराला ऐकू गेलं. "माह्या लेकानं मले दुसरंच झाड दाखोलं. भिंतीवरचा हा फोटो मी जल्मभर पुसला, मले कठडा ओळखू येत नाई काय? त्या झाडाले मी बाटलीतलं पानी घातलं. तहान तं त्याले बी असतेच. हे पानी त्याचं नोहोय."

भाऊ मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत बसला. मला वाटलं होतं, हा दिवस आला की माझं काळीज निवेल. तसं काही झालं नाही. तिला फाटकापासूनच सगळं माहीत होतं आणि इतके दिवस तिनं ते एकटीनं वागवलं, हे कळल्यावर राग दुपटीनं वाढला, आणि आता त्यात मीही आले, जिनं तिला एकदाही विचारलं नाही.

आईनं तांब्या उचलून माझ्या हातात दिला. चांगलाच जड होता, भरलेला.

"थे दुसरी बोट कोनत्या महिन्यात जाते, तू पाय," ती मला म्हणाली. "खिडकी नसली तरी चालन."