प्रेम दिसून नाही राह्यलं

लग्न ठरलं तेव्हा मी वाशीमच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत होते. मुलगा बँकेत होता. साखरपुडा झाल्यावर त्याने पहिला हट्ट धरला तो प्री-वेडिंग शूटचा. "माह्या साऱ्या दोस्तायनं केलं. आपलं नसलं तर लोकं काय म्हनतीन?" तोवर आम्ही दोघं धड बोललोही नव्हतो.

धरणावर दिवसभर आम्ही हात धरून चाललो, धावलो, लटके रुसलो. लाल गाऊन स्टुडिओचा होता, पाठीमागून पिनांनी आवळलेला. "ताई, प्रेम दिसून नाही राह्यलं," फोटोवाला सारखा ओरडायचा, "पुन्हा घेऊ." शेवटी मी खरंच थकून होणाऱ्या नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्याने हळूच विचारलं, "थकली का तू?" कोणी न शिकवता तो बोलला ते एवढंच. तेवढ्यावर मी जीव लावून बसले.

लग्न महिन्यावर आलं असताना त्याच्या मामांनी बाबांना फोन करून नकार कळवला. सरकारी नोकरीतली मुलगी सांगून आली होती. मी त्याला विचारलं, "काहून असं?"

"घरचे आयकून नाही राह्यले. तू बी पाह्य ना दुसरा चांगला पोरगा."

पुढे लॅबमध्ये नव्याने लागलेल्या मुलीचं लग्न ठरलं. तिने मला आग्रहाने सोबत नेलं ते नेमकं त्याच स्टुडिओत. भिंतीवरच्या टीव्हीवर नमुना म्हणून माझाच व्हिडिओ चालू होता.

"बंद करा हे," मी म्हणाले. "हे लग्न झालंच नाही."

फोटोवाल्याने मला ओळखलं. तो जराही ओशाळला नाही. "त्यानं काय होते ताई? गिऱ्हाईक हेच पाहून पसंत करते. त्या दादानं बी नव्या वहिनीसंगं सेम असंच करून नेलं."

सोबतची मुलगी माझ्याकडे बघेना. थोड्या वेळाने ती हलकेच त्याला म्हणाली, "तो खांद्यावाला सीन आमचा बी घ्या."

आम्ही निघताना फोटोवाला माझा व्हिडिओ काढून टाकतो म्हणाला होता, पण त्याने तो काढला नाही. परवा वाशीमजवळच्या मालेगावच्या बसस्टँडवर एका अनोळखी बाईने मला हसून विचारलं, "तुमचीच जोडी ना ती व्हिडिओतली?"

मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं.