पहिल्या प्रकरणाचा निकाल

सुभेदारमामांइतक्या जाडजूड कादंबऱ्या अख्ख्या उंब्रजमध्ये कुणी वाचल्या नसतील, आणि इतक्या ऐन रंगात मिटूनही कुणी ठेवल्या नसतील. नवं पुस्तक हातात पडलं की पहिलं प्रकरण संपेपर्यंत मामा कुणाला ओळखसुद्धा द्यायचे नाहीत. प्रकरण संपलं की पुस्तक फटकन मिटायचं, चष्मा कपाळावर चढायचा आणि समोर जो कुणी सापडेल त्याला निकाल ऐकावा लागायचा. "हा गडी बुडणार." किंवा, "ही बाई शेवटाला एकटी ऱ्हाणार, बघ तू." मग राहिलेली शेकडो पानं ते वाचायचे, पण गोष्ट कळावी म्हणून नाही, आपला निकाल बरोबर निघतो का ते तपासायला. बहुतेक वेळा निघायचा. नाही निघाला तर चूक लेखकाची. "शेवटाला घाई केली बघ बाबानं. थकला आसंल."

वाचनाची खोड त्यांना फौजेत लागली. बर्फातल्या चौकीवर करण्यासारखी दोनच कामं असतात म्हणे, एक राखण आणि दुसरं वाचन. पेन्शनीत आल्यावर ऊस लावला, मोटारीच्या खोपटात खाट टाकली आणि पाणी सरीला लावून मामा वाचत बसू लागले. मी नोकरीला साताऱ्यात. शनिवारी गावी येताना वाचनालयातून त्यांच्यासाठी पुस्तक आणायचं हे माझं काम. त्यांना हलकीफुलकी पुस्तकं चालत नसत. जुनी, नावाजलेली, तीन पिढ्या जन्माला येऊन मरतात अशीच कादंबरी हवी. मराठी असो, बंगाली असो, रशियन असो, मराठीत आलेली असली की झालं. पातळ पुस्तक दिलं की हातावर तोलून म्हणायचे, "ह्यात माणसाचा स्वभाव मावायचा न्हाई."

कारण मामांचा सगळा धर्म स्वभावाचा होता. पत्रिका, ग्रह, साडेसाती यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "नशीब म्हंजे काय रं? पाटाचं पाणी. जिकडं उतार आसंल तिकडं जाणार. आनि उतार म्हंजे स्वभाव. पत्रिकेत नुसतं ग्रह असत्यात, गड्या. कादंबरीत माणूस असतोय." मामी आतून भाकरी थापता थापता ओरडायच्या, "आवं, मग त्या मोटारीचा सोभाव बघा जरा. कवापासनं बंद पडलीया."

परदेशी नावं मात्र त्यांच्या तोंडात बसत नसत. त्यावर त्यांनी तोड काढली होती. पुस्तकातल्या प्रत्येकाला ते आपल्या भागातलं गाव देऊन टाकत. एकदा हायवेवरच्या चहाच्या टपरीवर ते एका डॉक्टरची गोष्ट सांगत होते. हुशार माणूस, पण 'मला ठाऊक नाही' एवढे शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नाहीत, आणि त्यापायी रोगी दगावत गेले. मामांनी या डॉक्टरला मिरजेत बसवलं होतं. ऐकणाऱ्यांत बापू होता. त्याच्या आईचं ऑपरेशन त्याच आठवड्यात मिरजेला ठरलेलं. बापू चहा टाकून उठला आणि आईला थेट सांगलीला घेऊन गेला. महिन्याने हे उघडकीला आलं तेव्हा मी मामांना म्हणालो, "अहो, तो डॉक्टर रशियातला!" मामा शांतपणे म्हणाले, "आसंल. पर म्हातारी बरी झाली न्हवं?"

जिवंत माणसांनाही ही परीक्षा चुकत नसे. निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार मतं मागायला आला, की मामा त्याला चहा पाजून पहिलं प्रकरण वाचून घ्यायचे. माझ्याबद्दलचा निकाल त्यांनी माझ्यासमोरच माझ्या बायकोला सांगितला होता. "ह्यो कधी बुडायचा न्हाई, सूनबाई. बुडताना बी गोष्ट सांगत बसंल आनि लोक काढतील त्येला, पुढचं ऐकायला."

सोयरिकी जुळवताना तर लोक त्यांना मुद्दाम न्यायचे. तिथली त्यांची पद्धत सगळ्या तालुक्यात ठाऊक होती, फक्त नवरदेवाला ठाऊक नसायची. लग्नात करवल्या जोडे लपवतात. मामा ते काम बघण्याच्या कार्यक्रमातच उरकायचे. पोहे-चहा होईपर्यंत मुलाची एक चप्पल गायब व्हायची, आणि मुलगा निघताना काय करतो ते मामा ओट्यावरून बघायचे. कुणी बहिणीवर खेकसायचा, कुणी यजमानांच्या पोरांकडे संशयाने बघायचा, कुणी गुडघ्यावर बसून खाटेखाली शोधायचा. "बोलताना माणूस पाहुणा आसतोय," मामा म्हणायचे, "चप्पल गावंना झाली की घरचा होतोय." चप्पल लपवायला ते बहुधा मलाच नेमायचे. मीही हे काम मोठ्या आनंदाने करायचो.

मग त्यांच्याच मुलीची, नंदाची, वेळ आली. नंदा मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स. तिथेच एक्स-रे काढणारा प्रशांत तिला आवडला होता. मुलगा माणसं घेऊन रीतसर घरी आला. मी त्याची डावी चप्पल नेऊन बंबामागे ठेवली. निघताना सगळे शोधाशोध करू लागले. प्रशांतने इकडे तिकडे पाहिलं, हसला, पायातली दुसरी काढून दाराशी नीट ठेवली आणि मामींना म्हणाला, "राहू द्या, सापडली की जोडी तरी इथं लागेल." आणि अनवाणी जाऊन गाडीत बसला.

गाडी वळणाआड गेली आणि मामांनी पुस्तक मिटलं.

"न्हाई जमायचं."

"का, आप्पा?" नंदा म्हणाली.

"शोधली न्हाई त्येनं. ज्यो माणूस आपली चप्पल सोडतोय, त्यो उद्या नोकरी सोडंल, परवा तुला सोडंल. हातातलं जाऊ देणारा हाय त्यो."

"त्यानं कुणावर आळ घेतला नाही, तेवढं नाही दिसलं तुम्हाला? बाकीची पोरं आधी घरातल्यांच्या तोंडाकडं बघायची."

"ते बी दिसलं. पर निकाल लागला."

"मग माझाबी ऐका," नंदा म्हणाली. "मी पळून जाणार न्हाई, आनि दुसऱ्या कुणाला बघणारबी न्हाई. तुमी व्हय म्हणाल तवाच लग्न."

मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "घ्या! एका घरात दोन सुभेदार."

पुढची दोन वर्षं त्या घरात फार सभ्यपणे वागलं गेलं. नंदा सुट्टीला यायची, आप्पांच्या पाया पडायची, गुडघ्याला तेल चोळून द्यायची आणि लग्नाचा विषय काढायची नाही. मामाही काढायचे नाहीत. गावात पैजा लागल्या होत्या. मी एकदा धीर करून म्हणालो, "मामा, एखादं प्रकरण पुन्हा वाचायला काय हरकत आहे?" ते म्हणाले, "सगळ्या तालुक्याच्या पोरांना ह्याच मापानं मोजलंय मी. निम्म्यांची सोयरीक मोडलीया. आता माझ्या घरात माप चुकलं म्हणू?" तेव्हा मला कळलं की अडलंय ते प्रशांतपाशी नाही. मामांनी एवढ्या कादंबऱ्यांतून शेकडो माणसांचा उतार बघितला होता, पण आपलं पाणी कुठे चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं. किंवा दिसत होतं आणि वळवता येत नव्हतं.

शेवटी मामांच्या गुडघ्यानेच मनावर घेतलं. चालणं बंद झालं तेव्हा मी त्यांना मिरजेला नेलं. नंदाला कळवायचं नाही अशी ताकीद होती. डॉक्टरांनी फोटो काढायला पाठवलं, तर आत प्रशांत. त्याने नमस्कार केला, मामांना हात देऊन टेबलावर चढवलं, पायाखाली उशी सरकवली आणि कामाला लागला. "पाय सरळ. हलू नका. झालं. आता कुशीवर." मामा त्याच्याकडे टक लावून बघत होते. विनवणी येईल, टोमणा येईल, निदान नंदाचं नाव तरी येईल. काहीच आलं नाही. मामांनाच राहवेना.

"तुला कायबी बोलायचं न्हाई व्हय रं?"

"बोललो होतो की, घरी येऊन. तुम्ही उत्तर दिलंत."

"मग सोडलास नाद?"

"नाही. नंदा थांबलीय, मीपण थांबलोय."

"किती दिवस थांबणार?"

प्रशांतने एक्स-रेच्या फिल्मची कॅसेट बदलली. "ते तुम्हाला विचारायचं होतं. पण तुम्ही आज पेशंट आहात. पाय हलवू नका, फोटो हलेल."

परतीच्या वाटेवर घाईघाईत रस्ता कापणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांनाही मामांनी शिव्या दिल्या नाहीत. घरी उतरल्यावर मामींना म्हणाले, "सुपारी फोडायची तयारी करा. पर एक सांगून ठेवतो, मत बदललेलं न्हाई माझं. हे टिकायचं न्हाई."

आणि खरंच, त्यांनी ते शेवटपर्यंत बदललं नाही. लग्नात फेटा बांधून मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हात जोडून म्हणाले, "या, या. जेवून जावा. टिकत न्हाई हे." दिवाळीला जावई आला की त्याला शेजारी बसवून घ्यायचे, ताटात स्वतः पुरणपोळी वाढायचे आणि नंदाला मोठ्याने विचारायचे, "अजून हाय व्हय ह्यो?" नात झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन म्हणाले, "बघू, बघू. अजून लय पानं हाईत." प्रशांत हसायचा. एकदाही त्याने चुकलात असं म्हटलं नाही, आणि मामांनीही चुकलो म्हटलं नाही. नंदाला तो एक शब्द ऐकायचा होता. मला वाटतं, ती तेवढ्याचसाठी दर सणाला येत राहिली.

गेल्या हिवाळ्यात मामा झोपेत गेले. शब्द राहिला तो राहिलाच. उत्तरकार्याला चहाच्या टपरीवरचे सगळे आले होते. बापूसुद्धा आला होता, आईला घेऊन.

जेवणं उरकल्यावर प्रशांत परड्यात एकटाच उभा होता. मी जवळ गेलो तर म्हणाला, "दादा, खरं सांगू? माझा स्वभाव तसाच आहे, मामा म्हणायचे तसा. कंटाळा आला की सोडून देतो मी. दोन कोर्स सोडले, एक धंदा सोडला. घरातसुद्धा कितीदा वाटलं, जाऊ दे, नको ही कटकट. पण दिवाळीला म्हाताऱ्याच्या शेजारी बसायचंय, हे आठवायचं. तो माणूस जिंकला असता ना!" मग म्हणाला, "आता कुणाला हरवायचं?"

माझ्यासारख्या माणसाला गप्प राहणं कठीण. मी म्हणालो, "मी आहे की. दर सणाला फोन करून सांगत जाईन, टिकत नाही म्हणून."

त्याने डोळे पुसले आणि मान हलवली.

"तुमचं कोण खरं मानणार, दादा?"