नलूकाकूंचे पेढे

तुमच्या घरी मुलगी जन्मली तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते, की जिलेबीवर भागवलं होतं? की जिलेबीसुद्धा नाही?

येरमाळ्याजवळच्या वाशीतल्या, आमच्या गल्लीतल्या नलूकाकू हा प्रश्न कुणालाही उभ्याउभ्या विचारायच्या. माणूस चाचरला, की त्याला ऑर्किड दाखवायला आत न्यायच्या. मोरीच्या खिडकीत, गारव्याला, कोळशाच्या तुकड्यांवर त्यांची झाडं बसलेली असत. ऑर्किडच्या फुलदांडीला उसासारखे डोळे असतात. काकू टाचणीनं डोळ्यावरचं साल अलगद उचलत आणि पुण्याच्या भाचीनं पाठवलेलं वाढीचं मलम मोहरीएवढं टेकवत. काही आठवड्यांनी तिथून इवलं रोप डोकावायचं.

"लेक झाली बघा. अगदी आईवानी निघंल, रंगातबी फरक न्हाय."

समोरच्या सुमनबाईंनी यातलं एवढंच ऐकलं, की मलम लावलं की मूल होतं. त्यांचे यजमान निवृत्त मुख्याध्यापक. महिला दिनाचं भाषण गुरुजींशिवाय होत नसे. सून वैशाली दुसऱ्यांदा गरोदर, पहिली मुलगी. एका दुपारी सुमनबाई आल्या.

"नलूताई, त्या मलमानं मुलगा व्हतो का हो?"

"झाडाचं हाय ते, सुमनबाई."

"थोडं द्या तरी. बेंबीला लावून बघू."

"दिलं असतं, पर ह्यानं नुसती लेकच व्हती. हुबेहूब आई. चालंल?"

सुमनबाई चहा अर्धा टाकून उठल्या.

वैशालीला येरमाळ्याला, माहेरी, मुलगीच झाली. सासरहून कुणी बघायलाही गेलं नाही. नवऱ्याला कामं होती, गुरुजींना गुडघे होते. "राहू दे तिकडंच," असं सुमनबाई उघड म्हणू लागल्या. मी पेटून पत्रक लिहिलं, घरोघर टाकलं. सुमनबाईंनी त्यावर शेंगा सोलल्या.

"तुझं लिवणं लई झणझणीत हाय गं," काकू म्हणाल्या. "पर लोक कागद खात न्हायत. पेढा खात्यात."

दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन दारोदार फिरल्या. "सुमनबाईंनी पाठवलेत. नात झाली. लई खुशीत हायत, पर सांगायला लाजत्यात."

संध्याकाळी अख्खी गल्ली शाल-नारळ घेऊन गुरुजींच्या दारात. अभिनंदन नाकारायची त्यांना सवयच नव्हती. ते बोलायला उभे राहिले आणि 'कन्यारत्न' हा शब्द त्यांच्या तोंडून इतक्यांदा आला, की मागं फिरायला वाट उरली नाही. गर्दीतून काकूंनी विचारलं, "मग आणायला कधी जाताय, गुरुजी?"

भाषणाच्या भरात गुरुजी म्हणाले, "उद्याच!"

दुसऱ्या दिवशी जीप निघाली तेव्हा पुढच्या सीटवर काकू बसल्या होत्या. मांडीवर डब्यात नवं रोप.

या उन्हाळ्यात काकू वारल्या. ते ऑर्किड आता सुमनबाईंच्या खिडकीत फुलतं. त्या स्वतः पाणी घालतात, दोन्ही नातींना फुलं दाखवतात आणि पाहुण्यांना सांगतात, "आमच्या घराला पहिल्यापास्नं मुलींची हौस!" आम्ही मान डोलावतो. आम्हीही पेढा खाल्लेला आहे.

तुमच्या गल्लीत मुलगी जन्मेल आणि तिच्या घरचे गप्प बसतील, तेव्हा एवढं करा: पेढ्यांचा डबा घ्या आणि त्यांच्या नावानं दारोदार वाटा. त्यांना विचारत बसू नका.