मी खाल्लाय, घेऊन जा

कान्हे स्टेशनाबाहेर भाजी घेऊन बसायला लागून हसिनाला बावीस वर्षं झाली. ती कधी ओरडून माल विकत नाही. तिचा सगळा धंदा एका वाक्यावर चालत आलेला. गिऱ्हाइकानं "कशी आहे?" विचारलं की ती म्हणायची, "मी खाल्लीय, घेऊन जा." खाल्ली नसेल तर तेही सांगायची, "अजून न्हाई खाल्ली, तुमच्या जबाबदारीवर घ्या." लोक तिच्या तोंडाकडे बघून पिशवी पुढे करत.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या पोटात कळा सुरू झाल्या, शौचावाटे रक्त जाऊ लागलं. मूळव्याध समजून दोन महिने अंगावर काढले. शेवटी तळेगावच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून बघितलं. मोठ्या आतड्याला सूज होती. गोळ्या सुरू झाल्या आणि जेवणात उरला मऊ भात, मुगाच्या वरणाचं पाणी, अंडं आणि गाळलेलं कोंबडीचं सूप. भाजी बंद. सूज उतरल्यावर बघू, म्हणाल्या.

नऊ महिने हसिना भाज्यांच्या मधोमध उपाशी बसल्यासारखी बसली. गिऱ्हाइकानं विचारलं की म्हणायची, "दिसायला बरी हाय."

नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यातून सुटून घरी जाणारी समीक्षा रोज तिच्याकडून भाजी घ्यायची. एकदा ती म्हणाली, "मावशी, दिसायला बरी म्हणजे काय? मला काय गवारीशी लग्न करायचंय?"

हसिना हसली, पण ते तिला लागलं. नवरा गफूर मागे पोती उतरवत होता. समीक्षा गेल्यावर तो म्हणाला, "म्हणावं की खाल्लीय. कोण तुझ्या पोटात डोकावून बघतंय?"

"पोट कुणाला दिसत न्हाई, पर बोलणारी जीभ माझी हाय," हसिना म्हणाली.

दुपारी दोन लोकलच्या मधल्या रिकाम्या वेळात तिला पोत्याला टेकून डुलकी लागायची. मग सगळीकडे धुकं व्हायचं. त्या धुक्यात एक मांडव, मांडवाला दिव्यांसारखे लटकलेले दुधी. ती खालून चालायची आणि मांडव संपायचाच नाही. कुठून तरी वाटाण्याच्या शेंगा फुटल्याचा आवाज यायचा. वांगी वाटेवर उभी राहून विचारायची, आम्हाला वळखलंस का? ती वाकायची, एक शेंग तोंडात टाकायची, चावायला लागायची.

"काय खातीयस?" गफूरनं एकदा हलवून विचारलं. तिचं तोंड झोपेत हलत होतं.

"घेवडा."

"कसा होता?"

"उठवलंत. आता कसं कळायचं?"

थंडीच्या तोंडाला सूज उतरल्याचं कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या चालूच ठेवायच्या. आता एकेक भाजी घ्या. साल-बिया काढून, मऊ शिजवून, दोन चमचे. मग तीन दिवस थांबायचं. नवी भाजी मध्ये घुसवायची नाही. कुठली घेता पहिली? भाजीवाल्या तुम्ही, तुम्हीच सांगा."

"दुधी," हसिना चटकन म्हणाली. लेकीसाठी स्थळ आधीच बघून ठेवावं तसं.

पण दुधी आधी कच्चा चाखावा लागतो. कडू निघाला तर विषासारखा. देठाकडचा तुकडा आजवर तिनंच चाखलेला. आता कच्च्याला तोंड लावायची तिला भीती वाटत होती.

"मी बघतो की," गफूर म्हणाला.

"तुमच्या तंबाखूच्या जिभेला साबणबी गोड लागल."

तिनं त्याला तीन चुळा भरायला लावल्या. गफूर परीक्षेला बसल्यासारखा उभा राहिला, तुकडा चावला, डोळे मिटले. बावीस वर्षं लोक तिच्या तोंडाकडे असे बघत आले होते. आज ती दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होती.

"गोड," तो म्हणाला.

दोन चमचे. जिऱ्याचा वासही नाही, नुसतं मीठ. कोवळं, हिरवं, पाण्यात उन्हाचा कवडसा पडावा तसं काहीतरी जिभेवरून उतरत गेलं. मग तीन दिवस ती पोटाकडे कान लावून बसली, लांबून येणाऱ्या गाडीकडे लावावा तसा. गाडी आली नाही. चमचे वाढले. मग लाल भोपळा. मग गाजर.

भाजे गावाहून भाजी घेऊन येणारी रतनबाई हे सगळं बघत होती. "दुधी-भोपळ्यानं कुटं रगत भरतंय व्हय?" ती म्हणाली. "पालेभाजी खा. हलकी असती." आणि तिनं डबा उघडला. लसूण घातलेला माठ, कोवळ्या देठांसकट. त्या वासानं हसिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं सगळा डबा संपवला.

दुसऱ्या दिवशी कळा आल्या. डॉक्टरीणबाईंनी बोलावून तपासलं. वाट बघायची, पुन्हा मऊ भात, म्हणाल्या, आणि आठवड्यानं दुधीपासून सुरुवात.

रतनबाई तिच्या उशाशी येऊन बसली. "माझ्याच हातानं केलं गं."

"आक्का, माठ लय चांगला झालता. पोटच माजं परकं झालंय. त्याच्याशी हळूहळू वळख करावी लागल."

रतनबाईनं पदराआडून दुधी काढला. देठाकडून एक फोड कापलेली होती. "मी चाखलाय," ती खाली बघत म्हणाली. "गोड हाय. घे."

हसिनानं तो दोन्ही हातांनी घेतला.

महिना गेला. संध्याकाळच्या लोकलला अजून वेळ होता, डोंगराकडून धुकं खाली उतरत होतं. समीक्षा पिशवी उघडून उभी राहिली. "मावशी, दुधी कसा आहे?"

हसिनानं ते जुनं वाक्य तोंडात जरा घोळवलं.

"काल वाटीभर खाल्ला. मी खाल्लाय, घेऊन जा."

समीक्षानं चमकून तिच्याकडे बघितलं आणि दोन दुधी पिशवीत टाकले. "आणि गवार?"

"दिसायला बरी हाय," हसिना म्हणाली. "तिच्याशी अजून बोलणी चाललीत."