फाटकापासून ओटीपर्यंतचा उजेड

हमीदचाचा दिवेलागणीला आपल्याच वाटेवर उकिडवे बसायचे. टॉर्च जमिनीवर ठेवून मान वाकडी करून बघायचे, मग थोडं पुढे सरकायचे. आम्ही वरसे गावात नवीन राहायला आलो होतो. मला वाटलं, शेजाऱ्यांचं काहीतरी हरवलंय. विचारलं तर म्हणाले, "हरवलं नाय गो. हरवायच्या आधी बघून ठेवतोय."

त्यांचं घर रस्त्यापासून खूप आत. फाटकातून शिरलं की वाट आंब्यांमधून वळत जायची. मध्येच पावसाचं पाणी जायला मोरी, तिला कठडा नाही. चाचांची उमेदीची वर्षं कुवेतला गोदामात गेली. तोवर ही वाट सकीनाचाचींनी एकट्यांनी तुडवली. चाचा कायमचे परतले, आणि चाचींच्या डोळ्यांचे पडदे कमजोर व्हायला लागले. अंधार पडला की काही दिसेना. एका संध्याकाळी त्या मोरीत पडल्या, मनगट मोडलं. तेव्हापासून चाचांच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

पेणहून विनायक वायरमन आला. त्याने उंच खांबावर झगझगीत दिवा लावून दाखवला. चाची थोड्या पुढे गेल्या, डोळ्यांवर हात धरला आणि थेट मोरीकडे वळल्या. चाचा चपला टाकून धावले. त्यांना धरून विनायकवर ओरडले, "काढ तो! उजेड जमिनीला पायजे, डोळ्यांना नाय!"

"एवढ्या लांब वाटेला बुटके दिवे लावायचे तरी किती, चाचा?"

"ती जिथं जिथं अडखळते, तिथं तिथं."

गुडघ्याएवढे, वरून झाकलेले दिवे ठरले. वळणांवर, मोरीच्या दोन्ही अंगांना. ते ठरले तशी नवी काळजी. पावसात वायर उघडी पडली तर? तिचा हात लागला तर? विनायकने वायर पाईपातून नेली, करंट उतरला की आपोआप बंद पडणारं बटण बसवलं.

"झालं, चाचा."

"झालं म्हणू नको. बघू म्हण."

परदेशातल्या मुलाचं विमान उतरल्याचा फोन आला तरी ते असंच म्हणायचे.

दिवे लागले त्या संध्याकाळी चाचींनी बजावलं, मी फाटकापासून एकटी येणार. चाचा ओटीवर खांबाला धरून उभे. मला म्हणाले, "मला जाऊ देऊ नको गो." चाची हळूहळू येत होत्या. मोरीपाशी आल्या आणि थांबल्या.

"काय झालं? दिसत नाय का?" चाचांचा आवाज चिरकला.

"दिसतंय की!" चाची हसल्या. "मध्ये बेडूक बसलाय. जाऊ दे त्याला."

चाचा मटकन ओटीवर बसले आणि लुंगीच्या टोकाने तोंड पुसत राहिले.

पुढच्या थंडीत भर दुपारी छातीत कळ आली, रोह्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत चाचा गेले. मुलगा परदेशातून आला. पनवेलच्या माझ्या फ्लॅटवर चला म्हणून अम्मीला विनवत राहिला. तिथे लिफ्ट, जिन्यात रात्रभर दिवे.

"तिथं उजेड लय हाय रे," चाची म्हणाल्या, "पण मला दिसतं इथं."

मुलगा एकटाच परत गेला. आता संध्याकाळी चाची आमच्याकडे चहाला येतात. ती वाट उतरून त्या आपल्या फाटकाशी दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.