ब्रेक सुकवताना

माझे वडील, आबा, वडापची जीप चालवायचे; पावण्यांच्या भाड्यावर आमचं घर चालायचं. जीप उभी राहिली की चूल थंड. म्हणून नृसिंहवाडीच्या रस्त्यावर पाणी आलं तरी आबा जायचेच. ओले ब्रेक धरत नाहीत, म्हणून पाण्यातून बाहेर पडलं की ब्रेकवर हलका पाय ठेवून जीप सावकाश चालवायचे. मागच्या चाकांच्या ब्रेक-ड्रममध्ये शिरलेलं पाणी तापून उडायचं आणि घासणाऱ्या ब्रेक-लायनरचा करपट वास गाडीभर पसरायचा.

आज वर्कशॉपात एका भिजलेल्या जीपमधून तोच वास आला आणि माझ्या हातातला पाना तसाच राहिला.

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा देऊन मी घरी आले होते. जीपमध्ये आबांच्या शेजारी बसले होते. मागून एकजण ओरडला, "ओ डायवर, बैलगाडी हाय व्हय ही? आरती चुकंल की."

"दम धरा पावणं, ब्रेक सुकवतोय," आबा म्हणाले.

मी म्हटलं, "आबा, मागं डिस्क ब्रेक बसवूया. त्यात पाणी ऱ्हात न्हाय."

"बसीव की. आधी निकाल लागू दे. मग माझ्या गाडीला तुझाच हात."

त्याच पावसाळ्यात एका फेरीला पावण्यांनी फारच घाई केली आणि आबांनी ब्रेक सुकवले नाहीत. वळणावर जीप थांबली नाही. पावणे वाचले, आबा गेले. निकाल त्यानंतर लागला. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट.

ती जीप मी विकू दिली नाही. मागचे ड्रम काढून डिस्क ब्रेक मी माझ्या हातांनी बसवले. पाण्यातून बाहेर काढून लगेच ब्रेक दाबला. जीप जागेवर थांबली.